यवतमाळ जिल्ह्याचें दप्तर : लिखित, भुक्ति आणि साक्षी

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत वादाच्या निर्णयासाठीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत : लिखित, भुक्ति आणि साक्षी. कागद असेल तर कागद पहावा, वहिवाट असेल तर वहिवाट पहावी, जाणते लोक असतील तर त्यांस विचारावें. यांपैकीं कांहींच नसेल तरच दिव्याकडे वळावें. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा भाग आम्हीं कधीं शिकविला नाहीं, कारण तो क्रमिक पुस्तकांत नसे. परंतु सेवानिवृत्तीनंतर यवतमाळ जिल्ह्यांतील जुनीं दप्तरें पहात हिंडूं लागल्यापासून या त्रयीची आठवण आम्हांस पदोपदीं होत आली आहे. इंग्रजी अंमलाची खूण म्हणून आमच्या जिल्ह्यांत लोक बोट दाखवितात तें मूर्तिजापूर-यवतमाळ या अडीच फुटी रुळांच्या शकुंतला गाडीकडे. हा मार्ग ११३ किलोमीटरचा. १९२१ सालीं मँचेस्टरास बांधलेलें वाफेचें इंजिन त्यावर १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललें, आणि १९५१ मध्यें इतर रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला. गोष्ट चमत्कारिक आहे यांत शंका नाहीं. पण गाडी अलीकडे थांबली. जें थांबलें नाहीं तें निराळेंच आहे. वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेल्यावर वरील तीन प्रमाणांचें येथें काय झालें, आणि त्याचा परिणाम अजून कोणास भोगावा लागत आहे, एवढाच या लेखाचा विषय होय.

प्रथम पूर्वपीठिका. निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा वऱ्हाडावरील दोअमली कारभार वाचकांस विदित आहेच. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तो पुढें निजामाकडे आला. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी वाढत गेली तेव्हां २१ मे १८५३ रोजीं निजामानें वऱ्हाड कंपनीच्या हवालीं केलें. त्याबरोबर दिलेले रायचूर दुआब आणि धाराशिव हे प्रांत १८६० च्या तहानें त्यास परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळालें नाहीं. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झन यानें सालीना २५ लक्ष रुपयांच्या बोलीवर कायमचा पट्टा करून घेतला, आणि पुढच्या वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडलें गेलें. म्हणजे मुलूख निजामाचा, अंमल इंग्रजाचा, आणि नांव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ अशी स्थिति पन्नास वर्षें होती. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप चालत नसत. ते हुकमानें लागू करावे लागत. यादव माधव काळे यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या १९२४ च्या ग्रंथांत हा सर्व भाग आहे, म्हणून येथें अधिक विस्तार करीत नाहीं.

जिल्हा म्हणून जें आज आपण ओळखतों तें या काळांतलें अपत्य आहे. १८६४ मध्यें पूर्व वऱ्हाडांतून हा भाग वेगळा काढण्यांत आला. पुढें तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला. १९०५ मध्यें वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली तेव्हां वाशीमकडील पुसद तालुका त्यास जोडला गेला व जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें. रोमन लिपींत वणीचें ‘वून’ आणि यवतमाळचें ‘येवटमाल’ झालें होतें. हीं रूपें कागदोपत्रीं इतकीं रुजलीं कीं, आमच्या लहानपणीं वृद्ध कारकून मराठींत बोलतांनाही ‘येवटमाल’ असेंच म्हणत.

नांवाच्या व्युत्पत्तीचा प्रश्न निघाला म्हणजे आम्ही सर्वजण एकच उत्तर देतों : आईन-इ-अकबरींत ‘योत लोहारा’ असा परगणा आहे, लोहारा हें यवतमाळजवळचें गांव, आणि ‘माळ’ हा ‘महाल’ शब्दाचा अपभ्रंश. हें उत्तर आम्हीं स्वतः अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगितलें. तें आम्हांस कोठून मिळालें याचा शोध घेतां असें दिसून आलें कीं, तें गॅझेटियरांतून आलें आहे. अबुल फजलची परगण्यांची यादीही आमच्यापैकीं बहुतेकांनीं फारसींत पाहिलेली नसून जॅरेटच्या इंग्रजी भाषांतरांत पाहिली आहे. उत्तर खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या गांवांत जन्म गेला त्याचें नांव कसें पडलें हें विचारण्यास आपण १९०८ च्या एका इंग्रजी पुस्तकाकडे जातों, आणि तेथेंच थांबतों, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां दप्तराकडे वळूं. १८५३ पूर्वीं या मुलखांत गांवचे वतनदार पाटील व पांड्ये, आणि परगण्याचे देशमुख व देशपांडे अशी दुहेरी रचना होती. राजा बदले, अंमलदार बदले, पण हीं घराणीं जागचीं हलत नसत, आणि म्हणून कागदही हलत नसे. देशपांड्याचें दप्तर ही परगण्याची स्मृति होती : जमीन कोणाची, पडीत किती, देवस्थानास काय चालतें, बलुतें कोणास किती, शिवेचा दगड कोठें. कागदावरून निकाल लागला नाहीं तर गोत बसे, पंचक्रोशींतील जाणत्यांस बोलावीत, त्यांच्या जबान्या होत आणि महजर लिहिला जाई. महजराचा कागद आपल्यापैकीं पुष्कळांनीं हाताळला असेल. त्यांत लिखित, भुक्ति व साक्षी हीं तिन्हीं एकाच ठिकाणीं नांदतांना दिसतात. कागद हा तेथें साक्षीचा निष्कर्ष असतो. साक्षीची जागा तो घेत नाहीं.

१८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडांत रयतवारी मोजणी सुरू झाली. साखळी टाकून शेतें मोजलीं, जमिनीची प्रत ठरली, हद्दीचे दगड बसले, प्रत्येक शेतास नंबर मिळाला आणि त्या नंबरापुढें एक नांव व आकार लिहिला गेला. गांवकामगार म्हणून पाटील व पांड्ये राहिले. देशमुख-देशपांड्यांचें काम मात्र संपलें. त्यांस वेतनें बांधून देऊन कारभारांतून मोकळें करण्यांत आलें. जुलमी देशमुख त्यांत होते, आणि आपल्या शेताचा आकार तीस वर्षांसाठीं ठरला यांत कुणब्याची कांहीं सोय झाली, हेंही नाकारतां येत नाहीं. आम्ही येथें त्या वतनांसाठीं अश्रु ढाळण्यास बसलों नाहीं. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, त्या दिवशीं परगण्याचें दप्तर निरर्थक झालें. कोणीं जाळलें नाहीं, कोणीं जप्त केलें नाहीं. त्याला विचारणाराच उरला नाहीं.

याचा अनुभव आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं दारव्हा तालुक्यांतील एका गांवीं आला. तेथील जुन्या देशमुखी वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल आहेत असें एका माजी विद्यार्थ्यानें कळविलें होतें. आम्ही गेलों तेव्हां माळ्यावर दोन रुमाल शिल्लक होते. बाकीचे वाडा उतरवितांना गेले. कांहीं रद्दींत, कांहीं अडाण नदींत. जुना कागद पायदळीं येऊं नये म्हणून पाण्यांत सोडला, असें घरांतील वृद्ध यजमानांनीं मोठ्या श्रद्धेनें सांगितलें. आमचा चेहरा पाहून ते म्हणाले, “गुरुजी, वाईट नका वाटून घेऊ. वावराचे कागद तलाठ्यापाशी आहेत. हे नुसते कागद.” आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं. त्यांचें म्हणणें कायद्याच्या दृष्टीनेंही जवळजवळ खरें होतें. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें अधिकाराभिलेखांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ही संहिता १९६६ ची, म्हणजे स्वराज्यांतली. पण सातबारा हा मुंबई इलाख्यांतील गांवनमुन्यांचाच वंशज आहे.

येथें एक आक्षेप येईल. जुना खासगी कागद इंग्रजी कायद्यानें कांहीं निषिद्ध केला नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्यांत तीस वर्षांवरचा आणि योग्य ताब्यांतून आलेला दस्त अस्सल मानण्याची मुभा होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही ती आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु मुभा असून उपयोग काय, वाचणार कोण? शिळाप्रेस आणि खिळ्यांचा छापखाना आला, क्रमिक पुस्तकें बाळबोधींत निघूं लागलीं, आणि मोडी ही हातानें लिहिण्याची लिपी तेवढी उरली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत ती शाळेंतूनही गेली. आपल्या आजोबांचें अक्षर नातवास वाचतां येत नाहीं, अशी स्थिति दोन पिढ्यांत झाली. आणि यांतील शेवटचें पाऊल परक्यानें टाकलेलें नाहीं, आपण टाकलें आहे. इतर ठिकाणचें आम्हांस सांगतां येत नाहीं, पण आम्हीं पाहिलेल्या घरांत रुमाल पाण्यांत गेले ते बहुधा या अज्ञानानें गेले.

नव्या दप्तरानें केवळ जुनें दप्तर मुकें केलें असें नव्हे, तर गांवेंही घडविलीं. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांनीं ओसाड मौजे तीस वर्षांच्या करारानें लावून देण्यांत आले, आणि अट पुरी करणारास पुढें मालकी मिळाली. या पद्धतीचीं गांवें आमच्या जिल्ह्यांत विशेष आहेत. इजारदारी १९५१ मध्यें मालगुजारीबरोबर संपली. परंतु गांवाच्या नांवामागें ‘इजारा’ हें शेपूट अजून आहे, आणि एस. टी. च्या पाटीवर तें नित्य वाचावयास मिळतें. तेथील मुलांस त्याचा अर्थ विचारला तर सांगतां येत नाहीं.

मात्र ‘ओसाड’ हा शब्द कोणाच्या दृष्टीनें, हें पाहिलें पाहिजे. केळापूर, वणी, राळेगांव या बाजूच्या डोंगरांत कोलामांचे पोड आहेत. कोलाम हे गोंडांहून वेगळे. त्यांची कोलामी ही द्राविडी भाषा. महाराष्ट्रांत विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या तीन आदिम जमातींपैकीं ही एक. डोंगरउतारावर जागा बदलून पेरणी करणाऱ्या आणि प्रसंगीं पोडही हलविणाऱ्या लोकांची भुक्ति साखळीनें मोजतां येत नाहीं. एका वर्षीं मोजणीदार आला तेव्हां जमीन मोकळी दिसली. ती पडीत ठरली, किंवा रानाच्या रेषेच्या आंत गेली. एकदां रेषा पडली म्हणजे आंत राहणारा मनुष्य अतिक्रमण करणारा ठरतो, मग त्याचा देव त्या जागीं कितीही जुना असो.

या रेषेविरुद्ध जिल्ह्यानें एकदां उघड हात उचलला होता. १९३० च्या जुलैंत पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून जंगल सत्याग्रह केला व तुरुंगवास पत्करला. अणे हे मूळचे वणीचे. संस्कृतज्ञांस ते ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या महाकाव्याचे कर्ते म्हणून ठाऊक आहेत. त्या काव्यास १९७३ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीच्या संस्कृत शिक्षकांस या गोष्टीचा जो अभिमान वाटे तो येथें नमूद करण्याचा मोह आवरत नाहीं. असो. गवत कापलें गेलें, पण १९२७ चा वनकायदा आजही चालू आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें या अन्यायाची प्रथमच कबुली दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीं जमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातींस हक्क मिळावा असें ठरलें; इतर पारंपरिक वननिवासींस मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, दाखवाव्या लागतात. पुरावा कोणता चालेल हें २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमांत, सांगितलें आहे. आणि इतिहाससंशोधकांनीं तो नियम अवश्य पहावा. त्यांत गॅझेटियर आहे, जनगणना आहे, मोजणी व जमाबंदीचे अहवाल आहेत, नकाशे आहेत. म्हणजे ज्या कागदांनीं ही वस्ती वगळली त्याच कागदांत तिचा उल्लेख शोधावयाचा. पण त्याच नियमांत जुनें घर, विहीर, स्मशान, देवस्थान यांसारख्या खुणाही आहेत, आणि गांवांतील वृद्धांची लिहून घेतलेली जबानीही आहे. भुक्ति आणि साक्षी हीं दोन प्रमाणें अशा रीतीनें परत आलेलीं पाहून आम्हांस जो आनंद झाला तो केवळ पंडिताचा नव्हता. दुर्दैव असें कीं, प्रत्यक्ष कचेरींत साक्षीपेक्षां कागदाचेंच वजन अधिक पडतें. एका पोडावरील वृद्धानें आपल्या पणजोबापासूनचीं नांवें आमच्यासमोर न अडखळतां सांगितलीं, आणि शेवटीं विचारलें कीं, हें सर्व कोठें लिहिलेलें सांपडेल काय. त्याच्या स्मरणावर त्याचाच विश्वास उरला नव्हता.

जातीच्या दाखल्यांचें प्रकरण अलीकडचें आहे, आणि तें चिघळलेलें असल्यामुळें त्यांत कोणाचा पक्ष घेण्याचें आम्हांस कारण नाहीं. दप्तराच्या अंगानें तेवढें पाहूं. वऱ्हाडांत पहिली शिरगणती १८६७ मध्यें झाली. तेव्हांपासून मनुष्याची जात ही गोतांत ठरण्याची गोष्ट न राहतां रकान्यांत भरण्याची गोष्ट झाली. २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें जुन्या कुणबी नोंदींचा शोध आरंभिला तेव्हां राज्यभर मोडी वाचकांची जी धांवपळ झाली ती आपण पाहिलीच आहे. ज्यांस कोणी विचारीत नसे त्यांच्या दारीं गाड्या उभ्या राहिल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियर आधारास घेण्याचा शासननिर्णय निघाला, आणि लगेच बंजारा समाजानेंही त्याच गॅझेटियरच्या आधारें अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी केली.

आमच्या जिल्ह्यांत, विशेषतः पुसद, दिग्रस, महागांवकडे, बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ आहेत, आणि येथें एक ऐतिहासिक पेंच आहे. १८५३ पर्यंत पैनगंगा ही नदी होती. त्या वर्षीं ती अंमलाची सीमा झाली. अलीकडचा पुसद आणि पलीकडचें माहूर हा पूर्वीं एकच टापू. तहानंतर अलीकडच्या तांड्यांची गणती वऱ्हाडच्या पुस्तकांत होऊं लागली, पलीकडच्यांची हैदराबादच्या. आज पैनगंगेपलीकडे तेलंगणांत हा समाज अनुसूचित जमाति आहे, आणि अलीकडे महाराष्ट्रांत विमुक्त जाति. नात्यागोत्याचे लोक, एक बोली, एकच सेवालाल महाराज. हैदराबादच्या पुस्तकांत पुसदच्या तांड्याचा आधार शोधणाऱ्यास हें आधीं कळलें पाहिजे कीं, निजामाचें स्वामित्व कागदावर राहिलें तरी वऱ्हाडची गणती त्याच्या पुस्तकांत नाहीं. मागणी योग्य कीं अयोग्य हा प्रश्न निराळा. १८५३ च्या एका कर्जाच्या हिशेबानें पडलेली रेषा आज कोणाच्या मुलास शाळेंत कोणती सवलत मिळावी हें ठरवीत आहे, एवढें तरी आपण ओळखावें.

इतकें लिहिल्यावर एक कबुली देणें प्राप्त आहे. आमच्या हातून गेलेल्या देशमुखी-देशपांडे कागदांत कोलामाचें नांव आम्हांस जवळजवळ आढळलें नाहीं. वेठीच्या यादींत, मोळ्या आणि मध आणून देणारा म्हणून, क्वचित् एखादा उल्लेख, नांव नाहींच. त्याला माणूस म्हणून मोजणारा, त्याची भाषा वेगळी आहे असें लिहिणारा पहिला कागद आमच्या पाहण्यांत परक्याचाच आहे. तो त्याने राज्य चालविण्यासाठीं लिहिला हें खरें. पण आमच्या लेखणीनें तेवढेंही केलें नव्हतें. तेव्हां जुनें दप्तर म्हणजे सत्य आणि इंग्रजी दप्तर म्हणजे कपट अशी वांटणी करणारे जे लेख अलीकडे निघतात त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. दोन्हीं दप्तरें धन्याचीं होतीं. फरक इतकाच कीं, पहिल्या दप्तराशेजारीं गोत बसत असे आणि तेथें न लिहिलेली गोष्ट बोलतां येत असे, जरी बोलण्याचा अधिकार सर्वांस सारखा नव्हता.

वर सांगितलेल्या दोन रुमालांपैकीं एक आम्हीं उलगडला आहे. त्यांत बहुतेक ताळेबंद आणि वसुलाच्या यादी आहेत. इतिहासप्रसिद्ध असें एकही पत्र नाहीं, आणि म्हणूनच तो आम्हांस मोलाचा वाटतो, कारण राजेरजवाड्यांचीं पत्रें आतांपर्यंत निवडून नेण्यांत आलीं आणि मागें राहिलेल्या याद्या कोणीं पाहिल्या नाहींत. ज्या संग्राहकांकडे यवतमाळ, दारव्हा, वणी, कळंब, पुसद या परगण्यांचे कागद असतील त्यांस विनंति आहे कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं त्याची बांधणी, वरची चिठी आणि कागदांचा क्रम टिपून ठेवावा. कागद कोणाच्या घरून, कोणत्या माळ्यावरून आला तें लिहून ठेवावें. आणि एकेक सुंदर पत्र निवडून बाकीचा गठ्ठा परत करूं नये. मोडी येत नसेल त्यांस पुराभिलेख खात्याचे वर्ग आहेत. आणि घरांत कोणी वृद्ध असेल तर आधीं त्यांच्यापाशीं बसून शिवेचीं, झाडांचीं, देवांचीं आणि माणसांचीं नांवें उतरून घ्यावीं, खालीं तिथि घालावी, व दोघां जाणत्यांच्या सह्या घ्याव्या. दुसरा रुमाल ओलाव्यानें चिकटला आहे. तो सोडविण्यासाठीं आम्ही उन्हाळ्याची वाट पहात आहों.